आक्षेप निकाली

नोएडातला सूर्यकांतरावांचा कंप्युटर रोज लायसन्स मागायचा. पुतण्या साकेतने फोनवर बजावलं, "काका, लायसन्सची खरी चावी कंपनीच्या सर्व्हरवर तपासली जाते. इंटरनेटवर मिळणारा फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर कंप्युटरमध्येच खोटा सर्व्हर उभा करतो आणि स्वतःच स्वतःला मंजुरी देतो. त्याच्या पोटात व्हायरसही असतो. हात लावू नका."

स्वतःच स्वतःला मंजुरी! केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेलेल्या सूर्यकांतरावांना ही पद्धत घरची वाटली. त्यांनी अ‍ॅक्टिव्हेटर उतरवून घेतला. अँटीव्हायरसने आक्षेप घेतला. आक्षेप निकाली कसा काढायचा, हे त्यांना शिकवायला नको होतं; त्यांनी अँटीव्हायरसच बंद केला.

सकाळी व्हायरसने सगळ्या फायलींना कुलूप लावलं होतं. त्यातल्याच एकीत गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या पत्नीचा, अलकनंदाबाईंचा आवाज होता: "अहो, गॅस बंद केलात का?" सूर्यकांतराव तो रोज ऐकायचे.

"यार काका, दुसरी कॉपी?" साकेतने फोनवर विचारलं.

"एका विषयाची एकच फाइल असते रे."

"मग गेलं, काका."

पडद्याच्या कोपऱ्यात लायसन्स मंजूर झाल्याचं लिहिलं होतं. सूर्यकांतरावांनी ते वाचलं. मग कुणी विचारलं नसतानाही उठले आणि गॅस बंद आहे ना, ते बघून आले.