नवऱ्याची सही

सासरच्या ओटीवर बसून सुंदराने पिशवीतले कागद एकेक करून नामापुढे मांडले आणि उडू नयेत म्हणून त्यांवर अडकित्ता ठेवला. नामा तिचा नवरा. सासरा वारला, मूल काही होईना, तेव्हा 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणत त्याने तिला खालापूरला भावाकडे पोचवलं आणि पुढे ती वाटच विसरला. त्याने दुसरी आणल्याचंही तिला बाजारात कळलं होतं.

"भांडायला नाय आले," ती म्हणाली. "एक सही द्या. मास्तरणीची जागा निघालीय. अर्जाचा उद्या शेवटचा दिस."

गोष्ट सरळ होती. सातवी फायनलच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं, सुंदरा पोशा भोईर. लग्नात नामाने ताटातल्या तांदळांत अंगठीने 'शालिनी' लिहिलं, आणि ती शालिनी ठोंबरे झाली. घरात पगार येईल या आशेने सासऱ्याने तिला ट्रेनिंगला घातलं, तेव्हा त्या सर्टिफिकेटवर हेच नाव चढलं. आता कचेरी म्हणत होती, या दोघी एकच असल्याचं नवऱ्याकडून लिहून आणा. मजकूर सुंदराने स्वतःच लिहून आणला होता. नामाच्या वाट्याला तिने फक्त सही ठेवली होती, पण तेवढीही त्याला जड जात होती. चार ओळींचा तो कागद नामा पोथी वाचावी तसा वाचत बसला.

आत तांदूळ निवडत बसलेल्या सासूने, गोदूबाईने, जागेवरूनच हाक दिली.

"शालिनी, ओटीवर पानी आन गं."

सुंदरा उठली. या घरात त्या हाकेला उठायची अंगाला सवयच होती. पदर खोचून ती उंबऱ्यापर्यंत गेलीसुद्धा, आणि आतून तांब्या घेऊन येणाऱ्या एका पोरसवदा बाईशी तिची टक्कर होता होता राहिली. पाणी हिंदकळून सुंदराच्या पायावर सांडलं.

"हिचं नाव पन...?"

"शालिनीच," गोदूबाई म्हणाली. यात विचारायचं काय, असा तिचा सूर होता. "रेशन कार्डावर नाव हुतंच. ते खोडून नवं कोन लिवनार? आनि आमच्या तोंडातबी तेच बसलेलं."

"माहेरचं काय गं तुझं?" सुंदराने त्या पोरीलाच विचारलं.

"बायजा," ती पोर पटकन बोलून गेली आणि सासूकडे बघून गप्प झाली.

सुंदराला त्या पोरीचा राग आला नाही. राग आला तो हाकेसरशी उठलेल्या स्वतःच्या पायांचा. आपल्याला टाकलं, एवढंच ती आजवर धरून चालली होती. पण बैल विकताना दावं तेवढं घरात ठेवून घ्यावं, तसं यांनी नाव ठेवून घेतलं होतं.

नामाने कागद खाली ठेवला.

"सही नाय जमायची."

"का?"

"काय लिवलंय ते बघ की. 'शालिनी ही माझी पत्नी.' मंग ही कोन? उद्या कारखान्यात कुनी दावलं, तर दोन बायका केल्याचं मीच लिवून दिल्यागत व्हईल. नोकरी जाईल माजी."

"तुमची हाय, म्हनून जाईल. माझी अजून लागायचीय."

"तू काढ की गं कायतरी मार्ग. शिकलेली हायस."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. बायजाने तांब्या पुढे केला. सुंदरा घोटभर पाणी प्याली, कागद गोळा केले आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या कचेरीत खिडकीवर नवऱ्याचं लिहून मागणारा तो आधीचा नव्हे, वेगळा कारकून होता. सुंदराने त्याच्यापुढे फक्त सातवीचा दाखला सरकवला. थंडीतापात उठून घेतलेले पाठ, रात्र रात्र रंगवलेले नकाशे, त्यांवर मिळालेलं शालिनीच्या नावाचं सर्टिफिकेट, सगळं तिने घरीच ट्रंकेत ठेवलं होतं.

"ट्रेनिंग?"

"नाही."

"मग बिनट्रेंड म्हणून लावतो. पगार कमी. आणि जागा मिळाली तर ठाकुरवाडीकडची, डोंगरातली."

"चालेल."

"नाव?"

"सुंदरा पोशा भोईर."

बोलताना तिचा आवाज जरा चढला. रांगेतल्या मागच्या बाईने वाकून पाहिलं. कारकुनाने नाव लिहिलं, टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि मान वर केली.

"कुमारी की सौभाग्यवती?"

सुंदराच्या गळ्यात काळी पोत होती. आई रडेल म्हणून ती तिने काढली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिचा तिलाही धीर झाला नव्हता. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि गळ्याशी मुठीत घट्ट धरला.

"कुमारी," ती म्हणाली.