मालिनीआजींचं पान

टक्क. फ्रिजवरचं लोहचुंबक पडलं आणि त्याच्याबरोबर माझ्या लेकीचा, जुईचा, दात घासण्याचा तक्ताही. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. ती जरा हलली, पुन्हा झोपली. दुपारचा हा पाऊण तासच काय तो माझा.

आज तोही वृद्धाश्रमाच्या रजिस्टरसाठी. तेलीबागेतल्या त्या वृद्धाश्रमात मी देखरेखीचं काम करते. अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि मी ते बघून चौकोनात टिक करायची. उद्या तपासणीची टीम येणार होती आणि मालिनीआजींच्या पानावर मागच्या आठवड्याचे चार दिवस कोरे होते. जुईला ताप होता, मी रजेवर होते, तेच चार दिवस.

सकाळी मॅनेजर गजेंद्रजींनी रजिस्टर पिशवीत घालून दिलं. "पूर्वा मैडम, घर पे आराम से भर लीजिए. पेन बदल-बदल के, हाँ?"

"और दादी की पीठ? वो भी पेन से भर दूँ?"

"अरे यार, दो लड़कियाँ छोड़ गईं, कौन करवट दिलाए? ताला लग गया तो ये तीस बूढ़े कहाँ जाएँगे, आपके घर?"

मी पिशवी घेतली.

मालिनीआजी अमरावतीच्या. पक्षाघातानंतर त्यांची हिंदी गेली, मराठी तेवढी राहिली. आश्रमातल्या कामाच्या मुलींना मराठी कळत नाही; त्या म्हणतात, दादी दिनभर कुछ बोलती रहती हैं. रजेनंतर मी त्यांची चादर बदलली, तर पाठीला तळहाताएवढी जखम. "किती सांगितलं गं त्या पोरींना," आजी म्हणाल्या, "जरा कूस बदला म्हणून." मला रागावल्या नाहीत. जुईचा ताप उतरला का, तेच विचारत राहिल्या.

निळ्या पेनाने सोमवार भरला. काळ्याने मंगळवार. बुधवारच्या पहिल्या चौकोनावर हात थांबला.

जुई कधी उठली कळलंच नाही. तक्ता छातीशी धरून शेजारी उभी होती. ब्रश करताना मी स्वतः पाहिल्याशिवाय चांदणी मिळत नाही, हा माझाच नियम.

"मम्मा, ये किसका चार्ट है?"

"एका आजींचा. त्यांची कूस बदलली की मी टिक करते. मागच्या आठवड्याचं राहिलंय."

तिने त्या चौकोनांवरून बोट फिरवलं.

"पर तब तो मुझे बुखार था. आप मेरे पास थीं. फिर आपने देखा कैसे?"