शटर उघडायची रीत

धाकटीचा फोन आला तेव्हा माझी सकाळची प्रार्थना संपत आली होती. "ताई, बाहेरून कुलूप घालून गेलाय. माझा हात हलत नाहीये गं. संध्याकाळी येऊन उरलेलं पुरं करतो म्हणालाय." एवढं बोलली आणि फोन बंद पडला.

आमचे मेहुणे, म्हणजे धाकटीचा नवरा, दुकानांची शटर बसवतात, बिघडली की दुरुस्त करतात. राहतात तेही एका जुन्या गाळ्यात. दार नाहीच त्याला, त्यांनी स्वतः बसवलेलं शटर आहे. "माझं शटर तोडणारा अजून जन्माला यायचाय," असं ते पाहुण्यांना हटकून सांगतात.

ती शहराच्या त्या टोकाला, मी या टोकाला, आणि मधलं शहर पेटलेलं. पहाटे कुणीतरी कुणावर गोळी झाडली होती. ऊन वर येईपर्यंत कुणी आणि कुणावर, हे विचारायचं कुणाला भान उरलं नव्हतं. बस बंद, रिक्षा बंद. शेजारच्या शिंपीणकाकी दारात आडव्या आल्या. "वेडी का काय तू? आज मुंगीसुद्धा बाहेर पडायची नाही."

"तिची बहीण कोंडली असेल तर पडेल, काकी."

माझं रोजचं व्रत साधं आहे. सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, आणि कुणालाही कठोर शब्द नाही. मेहुणे त्यावरून मला साखरताई म्हणतात. पाण्याची बाटली घेतली आणि निघाले.

बस आगारापाशी एक बस जळत होती. सीटचा स्पंज वितळून थेंबाथेंबाने रस्त्यावर गळत होता. पलीकडे चारपाच जण कंडक्टरला त्याच्याच पट्ट्याने मारत होते. तो ओरडतही नव्हता, नुसता "चष्मा, चष्मा" म्हणत होता. मी इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते, रक्त मला रोजचं. पण ते चादरीवर वाळलेलं असतं. हे वाफाळत होतं. ते लोक पुढच्या बसकडे पळाले तेव्हा मी त्याच्या हातात बाटली दिली. चष्मा सापडला, काचा नव्हत्या. तो तसाच डोळ्यांवर चढवून त्याने मला हात जोडले. थांबले असते तर धाकटीची संध्याकाळ झाली असती. निघाले.

पुलावर पोलीस होते, सगळे नदीकडे तोंड करून. एकाला म्हटलं, "दादा, माझ्या बहिणीला नवऱ्याने कोंडलंय. हात मोडलाय तिचा."

"मावशी, आज अख्खं शहर कोंडलंय," तो म्हणाला आणि पुन्हा पाणी बघायला लागला.

पुलाखालच्या चाळीत एक बाई गच्चीवरचे कपडे काढत होती. दगड येऊन पत्र्यावर धाडधाड आपटत होते आणि ती तोंडात चिमटे धरून चादरीची घडी घालत होती. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

बाजारात शिरले आणि मेहुण्यांचा आवाज ऐकला. मी खांबाआड झाले. वीसतीस माणसं चपलांच्या दुकानापुढे जमली होती. कुणी कुलपावर घण घालत होतं, आणि मेहुणे मध्ये उभे राहून हसत होते. "अरे गाढवांनो, कुलपाला काय बडवताय? कुलूप चोरासाठी असतं. मधोमध खालून पहार घाला. रेटा. पोट फुगलं की लाथ! कडेच्या खाचेतून पट्ट्या आपोआप सुटतात." त्यांनी लाल चिंधी गुंडाळलेली आपली पहार घातली, रेटली, लाथ घातली. शटर कागदासारखं आत गेलं. काचेमागे मांडलेल्या चपलांवर सगळे तुटून पडले. मालक आडवा आला, त्याला मेहुण्यांनी कोपरानेच बाजूला केलं. त्याचा दात माझ्या पायाशी येऊन पडला. पहार दारातच राहिली होती. मी ती उचलली, पदराखाली धरली आणि चालू लागले. म्हाताऱ्या बाईकडे कोण बघतंय?

गाळ्याची गल्ली सुनसान होती. "धाकटे," मी शटरला तोंड लावून म्हटलं, "मागे सरक. भिंतीशी बस."

"ताई? अगं, कुलपं दोन आहेत!"

"असू देत."

ओल्या चादरी पिळून माझे दंड पैलवानाचे झालेत, असं मेहुणेच चेष्टेने म्हणायचे. मधोमध खालून घातली. रेटली. पोट फुगलं. लाथ पहिल्यांदा नीट बसली नाही, दुसरीला पट्ट्या एका बाजूने सुटल्या. धाकटी फटीतून रांगत बाहेर आली. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, हात कोपरापासून भलत्याच दिशेला.

तिला उभी करते आहे तोच गल्लीच्या तोंडाशी मेहुणे. पाठीवर पोतं.

"अरे वा, साखरताई! उपाशीपोटी घरफोडी?" पोतं टाकून ते हसत पुढे आले. मग शटरकडे बघितलं. हसू गेलं. "कुणी शिकवलं हे?"

"अहो भावोजी, वाट द्या. लागेल तुम्हाला."

"लागेल? मला?" त्यांनी धाकटीचा मोडलेलाच हात धरून ओढला. ती जशी किंचाळली, ते मी लिहीत नाही.

मी पहार दोन्ही हातांनी फिरवली. उजव्या गुडघ्यावर बसली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि ते पोत्यावर कोसळले. ते उठायला गेले. मी पुन्हा फिरवली, त्याच गुडघ्यावर. मग ते उठले नाहीत. आईवरून शिव्या देत राहिले. ती आई माझी किंवा धाकटीची नव्हेच, त्यांची स्वतःचीच असावी, असं मी धरून चालले. मी उलट बोलले नाही.

फाटलेल्या पोत्यातून चपला घरंगळल्या होत्या. धाकटीने एका डोळ्याने निरखून बघितलं.

"ताई, या सगळ्या डाव्या पायाच्याच आहेत."

"काचेमागे एकच पाय मांडतात गं."

"बरं झालं मग," ती म्हणाली. "आता त्याला डाव्याच लागतील."

आणि हसली. हसताना ओठ पुन्हा फाटला. मी पदर भिजवायला बाटली शोधली, तेव्हा आठवलं, ती कंडक्टरकडे राहिली. कोरडाच लावला. तिचा हात ओढणीने गळ्यात बांधला आणि इस्पितळाच्या दिशेने निघालो. मागून शिव्या येतच होत्या. पुढे बाजाराच्या बाजूला धूर दाट झाला होता.

"ताई, टाक ना ती पहार आता. लोक बघतील."

ऊन अजून होतं, म्हणजे व्रतही. मी जपून, हळू आवाजात म्हटलं, "बाजारातून जायचंय. पुलापर्यंत राहू दे."