वारसाचा रकाना

चौदा महिने झाले तरी दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे ‘नवी’च म्हणत. तिच्यानंतर कुणी नोकरीला लागलंच नव्हतं, त्यामुळे ते नाव पुढे सरकलं नाही. दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे येत आणि ती मेणात एकेक दात बसवून कवळ्या तयार करी. साच्याला चिठ्ठी असे. तीवर पेशंटचा नंबर, वय, दाताची छटा. कुणाचं हसू कसं दिसेल हे तिला आधीच ठाऊक असे, माणूस मात्र कधी दिसत नसे.

पहिल्या पगाराच्या दिवशी हिशेब पाहणाऱ्या मावशींनी तिला हाक मारली होती. मावशी नात्याने कुणाच्याच नव्हत्या, पण अख्खी लॅब त्यांना मावशीच म्हणे.

“पगाराचं काय करणार?”

“खात्यात राहील.”

“राहील कसला, लोळत पडेल आणि हळूहळू संपेल. आधी बाजूला काढायचा, मग उरेल त्यात भागवायचं. उलटं केलंस की महिनाअखेरीला बोंब.” मावशींनी कागदावर आडवी रेघ मारली. “रेघेखाली सहा महिन्यांचा खर्च. हा अडीअडचणीचा पैसा. व्याज कमी मिळालं तरी चालेल, पण मागितला की हातात यायला हवा. तो जमला की रेघेवर म्युच्युअल फंड. फंडातला पैसा दहा वर्षं विसरायचा. रोज उघडून बघशील तर नुसता जीव खालीवर होईल.”

दुसऱ्या दिवशी तिने महिन्याचा खर्च लिहून आणला. भाडं, गॅस, भाजी, बस, फोन. मावशींनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

“एवढाच?”

“हो.”

“अगं, कुणाबरोबर चहा, कुणाच्या लग्नाचा आहेर, कुणी घरी आलं गेलं?”

“नाही.”

मावशी चष्मा पुसत बसल्या. “फारच स्वस्तात जगतेस बाई,” त्या शेवटी म्हणाल्या. “वर्षात होईल तुझं. लोकांना तीन लागतात.”

अकरा महिन्यांतच झालं. मग दोन-अडीच महिने ती फंडांची पत्रकं वाचत राहिली. अखेर आज सकाळी मावशींनीच अर्ज आणून तिच्या टेबलावर, मेणाच्या दिव्याशेजारी ठेवला.

“पाचपर्यंत भरून दे, म्हणजे या महिन्याचा हप्ता धरतील. दोन हजारांनी सुरू कर. पगार वाढला की वाढव.”

“बाजार पडला तर?”

“पडेल की. नाही कशाला पडेल? पडला की घाबरून हप्ता बंद करणारे आणि वर चढला की पुन्हा रांगेत उभे राहणारे मी तीस वर्षं बघतेय. तू कवळी अर्धी करून देतेस का कधी?”

अर्जाची दोन पानं तिने दहा मिनिटांत भरली. तिसऱ्या पानावर वारसाचा रकाना होता. नाव, नातं, जन्मतारीख. त्याखाली एक छोटा चौकोन आणि त्यापुढे छापलेलं: मला वारस नेमायचा नाही.

“इथे आईचं लिही आणि मोकळी हो,” जाता जाता मावशी म्हणाल्या.

ती सहा वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. दोघांनी पुन्हा संसार मांडले आणि ती वसतिगृहात वाढली. फी दोघं अर्धी अर्धी भरत, आणि ती कधीही चुकली नाही. सुटीत आठ दिवस इकडे, आठ दिवस तिकडे. दोन्हीकडे तिच्यासाठी गादी बाहेरच्या खोलीत घातली जाई. तक्रार करावी असं कुणी वागलं नव्हतं. पण त्या चौकोनात खूण करायची तिची तयारी नव्हती.

जेवणाच्या सुटीत तिने जिन्यात बसून आईला फोन लावला.

“काय गं, या वेळी? बरी आहेस ना?”

तिने सांगितलं. आई आवाज खाली आणून म्हणाली, “माझं नको लावूस. असले कागद घरी आले की यांचे प्रश्न सुरू होतात. बाबांचं लाव ना, हक्काने लाव.”

“बरं.”

“साठवतेस ते छान करतेस. जेवलीस का?”

“हो,” ती म्हणाली. डबा वर टेबलावर तसाच होता.

वडिलांनी चौथ्या रिंगला उचलला. “जन्मतारीख? शाळेतली की खरी?”

“कागदोपत्री असेल ती.” तिने कारण सांगितलं. ते हसले.

“अगं वेडाबाई, मी तुझ्याआधी जाणार. वारस आपल्याहून लहान बघावा. आईला विचारलंस?”

“विचारलं.”

“मग?”

“तिने तुमचं सांगितलं.”

ते म्हणाले, “थांब, ही बारकी फोन ओढतेय. शाळेला सुटी आहे ना.”

बारकी म्हणजे वडिलांची दुसऱ्या घरची मुलगी. नऊ वर्षांची. दोघींची आजवर चारदा भेट झाली होती.

“ताई, तू दात बनवतेस ना? माझा एक पडलाय. देशील बनवून?”

“तुझा आपोआप येईल.”

“कधी?”

“येईल दोन-तीन महिन्यांत. बारके, तुझी जन्मतारीख काय गं?”

बारकीने एका दमात तारीख, वार, वेळ आणि जन्माच्या वेळचं वजन सांगितलं. “का पण?”

“एका कागदावर तुझं नाव लिहावं म्हणते. म्हणजे माझे पैसे तुला मिळतील.”

“कधी?”

“मी मेल्यावर.”

बारकीने विचार केला. “मग नको.”

“का?”

“मग तू कुठे असशील? त्यापेक्षा आत्ता ये. येताना पेन्सिली आण, वासाच्या.”

“बघते.”

“बघते म्हणजे नाही. आई पण असंच म्हणते.”

वडिलांनी फोन परत घेतला. “हिचं लिहितेस? लिही की,” ते म्हणाले. “चल, ठेवतो.”

नात्याच्या पर्यायांत शेवटी ‘इतर’ होतं आणि त्यापुढे तपशिलासाठी ठिपक्यांची रेघ. पेन तिथे थोडा वेळ थांबलं. मग तिने वरच्या ओळीतल्या ‘बहीण’वर खूण केली.

पावणेपाचला मावशींनी अर्ज तपासला. “तुला बहीण आहे? कधी बोलली नाहीस.”

“नऊ वर्षांची आहे.”

“मग अज्ञान आहे ती, अठराच्या आतली. इथे पालकाची सही लागेल. या महिन्याचं हुकलं म्हणायचं.” तिचा चेहरा पाहून त्या पुढे म्हणाल्या, “एका महिन्याने दहा वर्षांत काही बिघडत नाही. कागद पोस्टाने पाठव, सही होऊन येईल.”

“मीच घेऊन जाते.”

मावशींनी सहीच्या जागी पेन्सिलीने फुली करून अर्ज तिच्याकडे परत सरकवला.

खोलीवर येऊन तिने खर्चाचा कागद काढला. ‘फोन’च्या खाली लिहिलं: पेन्सिली. त्याखाली: प्रवास. जायचं भाडं आणि त्याच दिवशी परत यायचं भाडं मिळवून तिने पुढे आकडा मांडला. मुक्काम तिने धरला नाही.