दर तीन आठवड्यांनी

"खरं सांगा, दिवसातून किती तास घालता?"

सरांच्या तोंडात दात तपासायचा आरसा होता, म्हणून थाप जुळवायला त्यांना जरा सवड मिळाली. आरसा बाहेर येईपर्यंत थाप तयार होती. रविवारी मॅच होती, शिट्टी दातात धरली की प्लॅस्टिकवरून सटकते, मग दातांवरचे अलाइनर काढून ठेवावे लागतात आणि नंतर गडबडीत घालायचे राहून जातात, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढता काढता मान हलवली.

"बाबा, अशाने हे वर्षभरात संपायचं नाही."

सरांना नेमकं तेच हवं होतं. चेहरा मात्र त्यांनी पडल्यासारखा केला.

डॉक्टरीणबाई म्हणजे सरांची सून. म्हणजे, होती. सरांच्या मुलाने तिच्याशी पाच वर्षं संसार केला आणि मग कामानिमित्त दूर गेला तो तिकडचाच झाला. दुसरीच कुणी तरी त्याला भेटली. सह्या झाल्या, तिने कपाट रिकामं केलं, आणि तिची पुस्तकांची जड बॅग सरांनीच जिन्यावरून खाली नेऊन दिली. थांब म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. बायको आधीच गेलेली. त्या दिवसापासून घरात सकाळचा चहा एका कपाचा होऊ लागला, आणि एका कपाचा चहा कधीच नीट जमत नाही, हे सरांना या वयात कळलं.

मुलाचा फोन येई तेव्हा तो तब्येत विचारी आणि घाईत असे. सुनेला फोन करायचा तर कोणत्या नात्याने, हे सरांना ठरवता येत नव्हतं. मग एकदा दाढ ठणकली. गावात दातांचे डॉक्टर काय कमी होते, पण सर दोन रात्री दाढ धरून बसले आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर चार माणसं बसलेली असताना ती दार उघडून म्हणाली, "बाबा, या ना आत." सरांची दाढ तिथेच अर्धी बरी झाली.

दाढ भरून झाल्यावर तिने सहज खालचे दात पाहिले. जन्मभर शिट्टी दातात धरून धरून पुढचा एक दात आडवा झालाय म्हणाली. सर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, सुट्टीच्या दिवशी अजूनही फुटबॉलच्या मॅचना रेफरी म्हणून उभे राहत. दात सरळ करता येईल, त्यासाठी अलाइनर म्हणून पारदर्शक कवचं मिळतात, कुणाला दिसतसुद्धा नाहीत, असं ती सांगत होती. सरांना त्या दातासंबंधी काडीचीही तक्रार नव्हती. या वयात दात सरळ करून ते कुणाला दाखवणार होते? ते नकोच म्हणणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "फक्त दर तीन आठवड्यांनी यावं लागेल."

"मग करून टाकू," सर म्हणाले.

अलाइनर दिवसाचे बावीस तास दातांवर हवेत, खाताना आणि दात घासताना तेवढे काढायचे, हा नियम. नवा जोड घट्ट बसतो, दात हळूहळू सरकले की सैल पडतो, मग पुढचा जोड. सरांनी पहिले दोन जोड इमानदारीने घातले. तिसऱ्या वेळी ती खूश होऊन म्हणाली की तुम्ही तर लवकरच मोकळे व्हाल. त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धावायला निघताना त्यांनी अलाइनर डबीत ठेवले, आणि घरी परतल्यावर डबी उघडलीच नाही.

मग सबबी सुरू झाल्या. पण सून जात्याच कामाची पक्की, तिने एकेक सबब मनावर घेतली. धावताना तोंडाने श्वास घेतो, घसा कोरडा पडतो, असं सर म्हणाले. तिने सांगितलं, काही होत नाही, धावताना घालूनच ठेवा, मधूनमधून साधं पाणी प्या. मॅचमध्ये पोरं सरबत देतात, नाही कसं म्हणणार? तिने सांगितलं, गोड प्यायचं तर काढून प्या, चूळ भरा आणि लगेच परत घाला, गोड तसंच आत अडकून राहिलं तर दात किडतील. काढून रुमालात गुंडाळले आणि हरवता हरवता राहिले, असं सरांनी रचून सांगितलं. तिने कमरेला अडकवायची डबी दिली. सर दवाखान्यातून बाहेर पडत तेव्हा दर वेळी त्यांच्याकडची एक पळवाट कमी झालेली असे. आपली एवढी काळजी कुणी करतंय याचा त्यांना आनंद होई, आणि आपण तिला फसवतोय याची लाज वाटे. दोन्ही घेऊन ते पायी घरी जात.

राहिली होती ती शिट्टी.

ती सबब सांगून तीन आठवडे होत आले, त्या रविवारी मॅच तापली होती. शेवटी शेवटी सरांनी पेनल्टी दिली आणि हरलेल्या बाजूने त्यांचा पार उद्धार केला. रेफरीला सवय असते. हरलेले शिव्या घालतात, जिंकलेले एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि मैदान रिकामं झालं की रेफरी एकटाच कोपऱ्यातले झेंडे उपटत हिंडतो. सर तिसरा झेंडा काढत होते तेव्हा दोरीपलीकडे ती उभी दिसली. हातात छोटी पिशवी होती.

"बोटात अडकवायची शिट्टी मिळते, बाबा. दातात धरायलाच नको. तुमच्यासाठी आणलीय."

सरांनी ती बोटात घालून पाहिली. अगदी मापात बसली. आता सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिने डबी मागितली आणि म्हणाली, घाला बघू आत्ताच. सरांनी पाण्याने चूळ भरली, खालचा अलाइनर दातांवर ठेवला आणि दाबला. तो बसेना. त्यांनी अंगठ्याने जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुढच्या दातापाशी तो उचललेलाच राहिला.

ती पाहत होती. मग बाकावर बसली.

"तीन आठवडे झाले या जोडाला. मॅचपुरते काढले असते तर असं झालं नसतं. तुम्ही घालतच नाही ना?"

सर तिच्या शेजारी बसले. समोर दोन कुत्री गोलपोस्टपाशी बसली होती, सर त्यांच्याकडे बघत राहिले.

"दात सरळ झाले की मग मी कशाला येणार तुझ्याकडे?" ते म्हणाले. "काय सांगून येणार?"

तिने डबीचं झाकण लावलं. मग तिने सांगून टाकलं. तिचं लग्न ठरलं होतं. दोनदा सांगायचं मनात आलं, पण दोन्ही वेळा सरांच्या तोंडात आरसा होता आणि तिला ते बरं वाटलं नाही. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या शहरात जाणार होती, इथले पेशंट नवे डॉक्टर बघणार होते. माणूस चांगला आहे, म्हणाली. सरांनी मान हलवली. चांगलाच असणार, तिने या खेपेला नीट पारखून घेतला असणार.

"तुम्हाला बोलवायचंय हो, बाबा. पण त्यांच्याकडच्या लोकांना काय सांगू, कोण म्हणून आलेत?"

"तू बोलव," सर म्हणाले. "मी येतो. तुला अडचण होईल असं काही करणार नाही."

घरी आल्यावर सरांनी आरशासमोर उभं राहून तो अलाइनर पुन्हा दाबला. रात्रभर जबडा ठणकत होता. तरी त्यांनी काढला नाही. ते थाप मारत होते तोवर ठीक होतं, पण आता तिला सगळं कळलं होतं, आणि ती जाताना तिच्या हातचं एक काम तरी आपल्यामुळे अर्धवट राहू नये, असं त्यांना वाटू लागलं. ते अलाइनर घालून धावले, अलाइनर घालून मॅचला उभे राहिले. स आणि श नीट निघेनात, पोरं हसली, सरही हसले. सरबत आलं की ते हात जोडत आणि पाण्याची बाटली तोंडाला लावत. हळूहळू तो उचललेला कोपरा खाली बसला.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं आणि संध्याकाळी एका लहानशा हॉलमध्ये माणसं भेटायला आली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रांगेत त्यांच्या पुढे कुणाची आत्या होती, कुणाचे मामा होते, प्रत्येक जण नातं सांगत होता आणि नवरामुलगा वाकून नमस्कार करत होता. सरांची पाळी आली. नवरामुलाने हसून हात पुढे केला आणि तिच्याकडे पाहिलं.

"हे कोण?"

तिने तोंड उघडलं आणि शब्द सापडेना. शेजारी तिच्या नव्या सासूबाई उभ्या होत्या. सरांनी तिला फार वेळ तसं राहू दिलं नाही.

"मी यांचा पेशंट," ते म्हणाले. "खालचे दात सरळ करतायत. हात फार चांगला आहे यांचा."

"हो का? बघू की," नवरामुलगा म्हणाला, आणि सरांनी त्याला हसून दाखवलं. तो जरा पुढे वाकला. काही घातलंय असं वाटतसुद्धा नाही, असं कौतुकाने म्हणाला.

तेव्हा तिने बांगड्यांनी भरलेला हात पुढे केला, सरांची हनुवटी धरली आणि चेहरा दिव्याकडे वळवला. अंगठ्याने खालचा ओठ थोडा खाली ओढून तिने तो दात पाहिला. अलाइनर नीट बसला होता. ती पाहतच राहिली, पाहायला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ, आणि तिचे डोळे भरून आले.

मागे माणसं खोळंबली होती. सर बाजूला झाले.