ओव्हरसाइट म्हणजे देखरेख

"एकतिसावं," प्रमोदिनी म्हणाली आणि तिने यंत्राच्या पोटातून फिल्टर बाहेर ओढला. त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी होती, तोंडाला चिकटपट्टीसुद्धा कारखान्यातलीच.

विक्रम वाकून बघत राहिला. मग त्याने मोबाइलवर फोटो काढला, आणि तोही प्रमोदिनीचे हात त्यात येतील अशा बेताने उभं राहून. ते तिच्या लक्षात आलं.

"ऑल थर्टी-वन? अनबिलीव्हेबल," तो म्हणाला. "काकू, हे प्लास्टिक कुणी काढायचं होतं?"

"मला विचारताय?"

"नाही हो, जस्ट आस्किंग."

त्या शुक्रवारी मुलांना सुट्टी होती आणि शिक्षक लायब्ररीत मीटिंगला बसले होते, म्हणून वर्ग रिकामे. प्रमोदिनी तगारे या शाळेची कस्टोडियन. सांगलीहून कॅनडातल्या केंब्रिजला येऊन तिला बावीस वर्षं झाली, त्यातली सतरा तिने अर्ध्या तासावरच्या ब्लॅकवेल गावातल्या या शाळेत काढली. फरशा, वॉशरूम, दारातल्या बर्फावर मीठ, पोराला उलटी झाली की त्यावर टाकायची भुकटी, सगळं तिच्याकडे. विक्रम ब्लॅकवेल स्कूल बोर्डाचा फॅसिलिटीज मॅनेजर. पंधरा शाळांच्या इमारती त्याच्या हाताखाली. बेचाळिशीचा, पुण्याचा. गणपतीत मंडळात भेटला की 'काकू, तुमच्या हातचे मोदक म्हणजे' असं सुरू करणार आणि बोर्डाच्या मीटिंगमध्ये तिला इतरांसारखंच 'प्रोमो' म्हणणार.

महामारीत ओटावाच्या केंद्र सरकारने शाळांसाठी पैसे पाठवले होते. ते अमुक तारखेच्या आत खर्च करायचे, नाहीतर परत जाणार, असं बोर्ड धरून चाललं. पैसे परत जाणार म्हटलं की भल्याभल्यांना अक्कल गहाण टाकायला वेळ लागत नाही. एक सल्लागार आला, त्याने एक कंपनी आणली, कंपनीने ट्रक भरभरून हवा शुद्ध करणारी यंत्रं आणली. त्यांच्या माणसांनी एका दुपारी एकतीस वर्गांत एकतीस यंत्रं ठेवली, प्लग लावले, पाठीवर 'अधिकृत व्यक्तीशिवाय उघडू नये' असं लाल स्टिकर चिकटवलं आणि ती गेली. हिरवे दिवे लागले. बोर्डावर निवडून आलेले दोघे ट्रस्टी यंत्राशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. ज्या पिशवीतून पाणी जात नाही तिच्यातून हवा कशी जाणार, हा प्रश्न एवढ्या पदवीधरांत एकालाही पडला नाही.

प्रमोदिनीलाही पडला नाही, आणि तिला तेच टोचत होतं. सांगलीला कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ती सहा वर्षं असिस्टंट होती. फिल्टर पेपरच्या घड्या घालून तो फनेलमध्ये कसा बसवायचा, हे तिने शेकडो पोरांना शिकवलं होतं. आणि इथे चार वर्षं ती रोज त्या यंत्रांवरची धूळ पुसत होती, हिरवा दिवा बघत होती आणि पुढच्या वर्गात जात होती. गेल्या आठवड्यात नऊ नंबरच्या वर्गातला दिवा पहिल्यांदा लाल झाला. बोर्डात फोन करून कुणी येईना, तेव्हा तिने स्टिकर फाडून यंत्र उघडलं, आणि विक्रमला फोनही तिनेच केला.

याहून मोठा काटा त्या नऊ नंबरच्याच वर्गात बसायचा. मिसेस मेदेरोस. मूळची अझोर बेटांवरची, केंब्रिजच्या पोर्तुगीज वस्तीत वाढलेली, विशेष गरजांच्या मुलांना सांभाळणारी मदतनीस. दम्याचा जुना आजार. शाळा पुन्हा उघडली तेव्हा ती भेदरलेली होती, आणि प्रमोदिनीने स्वतः तिचं टेबल सरकवून यंत्राला लावून दिलं होतं. "इथे बस. सगळ्या शाळेत इथली हवा स्वच्छ." पुढच्या जानेवारीत त्या वर्गातली तीन मुलं आजारी पडली आणि मेदेरोस दोन आठवडे हॉस्पिटलात होती. यंत्र नीट चालतं तर तिचं आजारपण टळलं असतं, असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण टेबल कुणी सरकवलं होतं, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

विक्रमने फाइलमधून एक कागद काढला. "काकू, ही एक फॉर्मॅलिटी. नेक्स्ट वीक ऑडिटर येतोय. फेडरल पैशाचं काय केलं, ते बघायला. इथे फक्त सही."

कागदावर 'रूट कॉज', म्हणजे मूळ कारण, असा रकाना होता आणि त्याखाली आधीच टाइप केलेलं होतं, 'कस्टोडियल ओव्हरसाइट'.

"हे काय?"

"ओव्हरसाइट म्हणजे देखरेख हो. मशीन्स कुणाच्या देखरेखीखाली होती, तर कस्टोडियनच्या. एवढंच. ऑफिशियल भाषा आहे, घाबरू नका."

आपल्या भाषेत सांगितलेलं माणूस लवकर खरं मानतो, परदेशात तर जरा जास्तच. प्रमोदिनी सही करायला वाकलीही होती. मग तिच्या लक्षात आलं की विक्रमने खिशातून स्वतःचं पेन काढून, टोपण उघडून तिच्या हातात दिलंय. बर्फ ढकलायचं नवीन मशीन मागितलं तर या माणसाला उत्तर द्यायला दोन हिवाळे लागले होते.

"चष्मा घरी राहिलाय," ती म्हणाली. "कागद घेऊन जाते. सोमवारी देते."

"वाचण्यासारखं काही नाहीये त्यात."

"मग न्यायला काय हरकत आहे?"

घरी नवऱ्याने, सुधाकरने, गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवूनच कागद वाचला. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तो अठरा वर्षं उभा राहिला होता, आता दोन्ही गुडघे गेले होते. "सही कर आणि मोकळी हो. तुझ्या पेन्शनला चौदा महिने राहिलेत. कोण वाचतंय हे?"

तिने ओटावाला ईशानीला फोन लावला आणि तो शब्द वाचून दाखवला. लेक सरकारी खात्यात कामाला, असले कागद रोज बघणारी.

"आई, नो. डोन्ट साइन दॅट. इट मीन्स मिस्टेक. इट मीन्स यू मेस्ड अप."

"देखरेख असा अर्थ नाही होत?"

"इट कॅन. बट नॉट अंडर 'रूट कॉज'. हू टोल्ड यू दॅट?"

प्रमोदिनीने सांगितलं.

"ही नोज, आई," ईशानी म्हणाली. "ही टोटली नोज."

प्रमोदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. विक्रम खोटं बोलला म्हणून नव्हे. मॅनेजर खोटं बोलायचाच, त्याला पगार त्याचाच. पण ते इंग्रजीत बोलायचं होतं की मेल्याने! तिच्या आईने जात्यावर बसून जी भाषा तिच्या कानात घातली, ती याने उंदराच्या पिंजऱ्यातल्या खोबऱ्यासारखी वापरली. शनिवार-रविवार ती धुमसत राहिली. पोळ्या करपल्या, त्या सुधाकरने मुकाट्याने खाल्ल्या.

सोमवारी मुलं यायच्या आधीच विक्रम बॉयलर रूममध्ये हजर. तिथे प्रमोदिनीचं टेबल होतं, खुर्ची होती, आणि कोपऱ्यात नव्या फिल्टरची खोकी छतापर्यंत रचलेली होती, तीही त्याच पैशातून आलेली.

"आणलात कागद?"

"आणलाय. तुम्ही म्हणालात, ओव्हरसाइट म्हणजे देखरेख. मग तो शब्द खोडा आणि तिथे देवनागरीत 'देखरेख' लिहा. मी या क्षणी सही करते."

विक्रमचं तोंड उतरलं. "काकू, डोन्ट बी लाइक दॅट."

"का? ऑडिटरला मराठी येत नाही म्हणून? मला इंग्रजी येत नाही, हे मात्र तुम्ही बरं ठरवलंत."

"मग मी काय लिहू? कंपनी बंद झालीये. कन्सल्टंट व्हँकूव्हरला गेला. त्या वेळी साइन-ऑफ मी दिला होता, न बघता. माझं नाव लिहू? घरात दोन मुलं आहेत, माझी नोकरी जाईल."

शेवटी एकदाचं खरं बाहेर आलं. क्षणभर तिला त्याची कीवही आली असती, पण त्याने लगेच पुढचं वाक्य टाकलं.

"तुम्हाला काय होणार आहे? युनियन आहे. एक वॉर्निंग लेटर येईल फार तर."

"वा! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर म्हणायचं की दोर मऊ आहे." तिचा आवाज चढला. "आणि मी संन्यासी आहे असंही म्हणत नाही. माझं जे आहे ते मी लिहिलंय."

तिने टेबलावरचा दुसरा कागद त्याच्यापुढे सरकवला. इंग्रजीत, मोठ्या सरळ अक्षरात चार ओळी. यंत्रं मी रोज बाहेरून पुसली. उघडू नये असं स्टिकर होतं, म्हणून उघडली नाहीत. चौथ्या वर्षी उघडली तेव्हा आत प्लास्टिक होतं, ते मीच कळवलं. मी आधी विचारायला हवं होतं. खाली सही, मराठीत.

विक्रमने वाचलं. "हे मी अटॅच करू शकत नाही."

"नका करू. ऑफिसच्या मशीनवर तीन प्रती काढल्यात. एक युनियनकडे गेली, एक माझ्याकडे राहील, एक ऑडिटरला मी स्वतः देणार."

"नेक्स्ट मंथपासून तुम्ही फ्लोटर," तो म्हणाला. बोलण्यातलं 'काकू' गळून पडलं होतं. "तीन शाळा, रोज वेगळी. एका कस्टोडियनची कमी आहेच मला."

"या वयात मला गावभर फिरवा. पण गणपतीत माझ्या घरी पाऊल टाकू नका."

विक्रम तो कागद खिशात कोंबून गेला. मंगळवारी बोर्डाची माणसं आली आणि त्यांनी एकतीस यंत्रांचं प्लास्टिक काढून नवे फिल्टर बसवले. पालकांना पत्र गेलं की वायुवीजनाचं नियमित देखभालीचं काम पूर्ण झालं आहे. म्हणजे विषय संपला. मेदेरोसला कुणी काही सांगायचं कारण उरलं नव्हतं.

प्रमोदिनीने तिला बुधवारी जेवणाच्या सुट्टीत जिन्यापाशी गाठलं. दोघींचं इंग्रजी आपापल्या गावचं, पण सतरा वर्षांत कधी अडलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. पिशवीचं सांगितलं, चिकटपट्टीचं सांगितलं, टेबल कुणी सरकवलं होतं तेही सांगितलं. ऐकताना मेदेरोसने गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

"तू रोज पुसत होतीस ते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"रोज माझ्याशी गप्पा मारत पुसत होतीस."

"हो."

"आणि तुला कधी उघडून बघावंसं वाटलं नाही."

विक्रमसाठी प्रमोदिनीकडे उत्तरं होती. स्टिकर होतं, कंपनी होती, बोर्ड होतं. यातलं एकही तिच्या ओठांवर आलं नाही. "नाही वाटलं," ती म्हणाली.

मेदेरोस वळली आणि जिना चढायला लागली. सहाव्या पायरीवर ती थांबली, कठड्याला धरून, खांदे वरखाली होत. प्रमोदिनी दोन पायऱ्या चढून गेली आणि तिने हात पुढे केला.

"नो," मागे न बघता मेदेरोस म्हणाली.

प्रमोदिनी होती तिथेच उभी राहिली. घंटा झाली. मैदानातून आलेली पोरं दोघींना वळसा घालून धडाधड वर गेली. जिना रिकामा झाला तेव्हा मेदेरोस सातवी पायरी चढली, मग आठवी, आणि ती वर पोचेपर्यंत प्रमोदिनी खाली तिच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिली.