जिवंत जन्मलेली अपत्ये

दिवाळी सरली की आष्टी तालुक्यातील त्या वाडीत माणसांपेक्षा कुलुपे अधिक दिसू लागत. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे रवाना होत आणि मागे उरत ती वृद्ध माणसे, शेळ्या आणि बिनलग्नाचे तरुण. ह्या शेवटच्या वर्गाविषयी थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. टोळीचा मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो, आणि नवराबायको मिळून एक कोयता धरण्याची रीत आहे. ज्याला बायको नाही तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कोणी हौसेने नेत नाही.

शहादेवाच्या घरातून यंदाही एक पूर्ण कोयता गेला होता, म्हणजे थोरला मुलगा हनुमान व सून दीपमाला. धाकटा प्रविण चौतीस वर्षांचा होऊनही अर्धाच राहिला होता आणि पुण्याकडे एका गोदामात ओझी उचलीत होता. त्याच्याकरिता सात वर्षे पंचक्रोशी पालथी घातली गेली, नारायणगडाला नवस बोलला गेला, परंतु मुलगी मिळाली नाही. मुलीच नव्हत्या, तर मिळणार कोठून?

जानेवारीतल्या एका सकाळी गावची आरोग्यसेविका, आशाताई बबिता एका अनोळखी मुलीला घेऊन अंगणात आली.

"मामा, हायेत का घरात?"

"पोलिओ पाजाया आलीस का गं?" शहादेव ओट्यावरून म्हणाला. "आता आमा दोघांलाच पाज दोन-दोन थेंब. बाकी घरात कोन हाय?"

बबिता हसली. ह्या पाहुणीचे नाव संस्कृती, ती अंबाजोगाईच्या महाविद्यालयातून आली आहे, लोकसंख्या आणि विकास ह्या विषयावर घरोघर पाहणी करते आहे, असे तिने सांगितले. संस्कृतीच्या हातात पाटीएवढा टॅब होता. शहादेवाच्या बायकोने, चंद्रभागाबाईंनी, घोंगडी अंथरली, पाणी दिले आणि रीतीप्रमाणे त्या चौकटीआड उभ्या राहिल्या.

घरात माणसे किती, जमीन किती, शाळा कोठवर, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे शहादेवाने एखाद्या सरपंचाच्या थाटात दिली. प्रविणचे नाव निघताच तो म्हणाला, "लिवा, लगीन न्हाई. पोरगं लाखात एक, पर पोरगी लाखात बी न्हाई. तुमच्या ह्या पाटीत घावती का बगा एखादी."

"मामा, ह्यांच्याच मागं लागू नका म्हंजे झालं," बबिता म्हणाली, आणि संस्कृतीसुद्धा हसली.

मग ती म्हणाली, "बाबा, आता पुढचे प्रश्न फक्त आजींना आहेत. तुम्ही थोडा वेळ बाजूला बसाल का?"

"हिला काय इचारता? हिचं समदं मलाच ठावं हाय."

"नियम हाय मामा," बबिता म्हणाली. "बसा त्या लिंबाखाली. शेळ्या मोजा."

तो उठला आणि दहा पावलांवरच्या लिंबाखाली जाऊन बसला. तेथे प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"आजी, तुम्हाला मुलं किती झाली?"

"दोन. हनमा आन् परविन."

"जिवंत जन्मलं आणि नंतर गेलं, असं एखादं?"

"न्हाई."

संस्कृतीने टॅबवरचा मजकूर सावकाश वाचला. "काही बायका असं बाळ हिशेबात धरत नाहीत, म्हणून पुन्हा विचारायचं असतं. जन्मल्यावर रडलं असेल, हाललं असेल, श्वास घेतला असेल, आणि मग तासाभरात किंवा दिवसाभरात गेलं असेल. असं काही?"

चंद्रभागाबाई चौकट सोडून बाहेर आल्या आणि घोंगडीच्या कडेला टेकल्या.

"यक पोरगी झालती. परविनच्या पाठीवर, उसाच्या फडात. पर ती उपजतच गेलती. रडली बी न्हाई. म्या शुद्धीवर नव्हते, ह्यांनीच सांगितलं मला."

"मग ती जिवंत जन्मलेल्यांत धरत नाहीत, आजी."

"न्हाई धरत?"

"नाही."

"बरं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. हात लांब करून काही मागावे आणि समोरच्याने नाही म्हणावे, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

लिंबाखाली शहादेवाच्या कानी हे पडले. ती रडली होती. टोळीतली बाकी माणसे परगावची होती आणि चंद्रभागा दवाखान्यातून परस्पर गावी परतली होती; घरात एकतीस वर्षे हे त्याच्याखेरीज एकाच व्यक्तीला ठाऊक होते, ती म्हणजे त्याची थोरली भावजय मुक्ताबाई, आणि ती आता हयात नव्हती. फडातच दिवस मावळताना चंद्रभागा बाळंत झाली. मुक्ताबाईने नाळ कापली आणि मूल असे ओरडले की शेजारच्या सरीतली माणसे कोयते टाकून उभी राहिली. पण चंद्रभागेची शुद्ध त्याआधीच हरपली होती, आणि रक्त थांबेना. मुकादमाने जीप दिली. मुक्ताबाई मूल फडक्यात गुंडाळून जीपपाशी धावत आली. "हिलाबी न्या भावजी, दवाखान्यात दावा, लई बारीक हाय." शहादेवाने फडके उचलून पाहिले आणि म्हटले, "ऱ्हाऊ दे कोपीत." उसाच्या पाचटाची ती कोपी, जानेवारीची थंडी, आणि दवाखाना तेथून सहा कोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभागेने डोळे उघडले. मूल कोठे आहे, असे तिने विचारले. खरे सांगितले तर ही रक्ताळलेल्या लुगड्यानिशी उठून चालू लागेल, अशी त्याला धास्ती वाटली. तो म्हणाला, "उपजतच गेलं." परत गेल्यावर मूल तिच्या ओटीत घालू आणि खोटे बोललो असे सांगू, असा त्याचा बेत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे टोळीतला माणूस निरोप घेऊन आला, आणि खोट्याचे खरे झाले. आपण बायकोचा जीव वाचवला, असे तो पुढे एकतीस वर्षे स्वतःला सांगत आला होता.

"आजी, पुढचा प्रश्न," संस्कृती म्हणत होती.

"थांबा." शहादेव उभा राहिला होता. "रडली व्हती ती."

बबिताने पदर तोंडाला लावला. चंद्रभागाबाईंनी मान वळवली नाही.

"किती येळ व्हती?" त्यांनी समोर पाहतच विचारले.

"दोन रात्री. मुक्तावैनीनं शेळीचं दूध कापसानं पाजलं. मला वाटलं, तू उठून येशील. तुजा जीव जाईल. म्हनून सांगितलं मी तसं."

"मला दूध आलतं."

चंद्रभागाबाईंनी घोंगडीची कड मुठीत धरली.

"दवाखान्यात. अंग फुटाया लागलतं. नर्सबाई म्हनली, पोर नसलं तरी येतंय बाई, पिळून टाक. वाटीत पिळलं. वाटी तुमीच नेलती की."

"व्हय."

"कुठं टाकलं?"

"दवाखान्याच्या मागं. बाभळीच्या बुडाला."

"तवा ती व्हती?"

"व्हती," शहादेव म्हणाला.

चंद्रभागाबाई आपले तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. नंतर त्यांनी प्रथमच नवऱ्याकडे तोंड केले.

"संगं कावून न्हाई नेली? जीपीत जागा नव्हती?"

"व्हती."

"पोरगा असता तर?"

ह्या प्रश्नाचे उत्तर शहादेवाने स्वतःलासुद्धा कधी दिले नव्हते. तो लिंबाच्या बुंध्याला हात टेकून उभा होता. परक्या माणसाचा वाटावा अशा आवाजात तो म्हणाला, "नेला असता."

कुलुपे लागलेल्या घरांच्या रांगेतून एक कुत्रे भुंकत गेले. संस्कृतीच्या डोळ्यांतले पाणी टॅबच्या काचेवर पडले, ते तिने ओढणीने पुसले.

"आजी, लिहू का?"

"लिव. जिवंत म्हनून लिव."

"इथे नाव विचारलंय."

"नाव बाराव्या दिवशी ठेवत्यात, बाई. तिला तिसरा बी उजाडला न्हाई."

संस्कृतीने दोनचे तीन केले आणि नावाच्या जागी नुसते 'मुलगी' असे लिहिले. राहिलेले प्रश्न पुन्हा कधीतरी विचारू, असे म्हणून त्या दोघी निघाल्या. बबिता फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन चंद्रभागाबाईंच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

त्या गेल्यावर चंद्रभागाबाई उठल्या. चुलीवर पाणी न तापवता त्यांनी रांजणातले गार पाणी बादलीत काढले आणि मोरीच्या दगडावर लुगड्यानिशी जाऊन बसल्या. जवळच्या माणसाच्या मृत्यूची वार्ता, मग ती कितीही उशिरा कळो, कळली म्हणजे अंगावरच्या वस्त्रासह डोक्यावरून पाणी घ्यायचे, अशी तेथली रीत आहे. उपजत गेलेल्या मुलीसाठी त्या वेळी कोणीच अंघोळ केली नव्हती. पहिला तांब्या डोक्यावर पडला तेव्हा त्यांचे दात वाजले. दुसरा घेताना त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, तो पाण्यात मिसळून गेला.

शहादेव चार पावले दूर उभा होता.

"तुमी केलती का तवा?" त्यांनी न पाहताच विचारले.

"न्हाई."

त्यांनी रिकामा तांब्या त्याच्या हाती दिला नाही, दगडावर ठेवला, आणि ओल्या पावलांनी त्या आत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला.

शहादेवाने डोक्याचे पागोटे काढून लिंबाच्या फांदीला अडकवले. रांजणातले पाणी तळाला गेले होते, म्हणून त्याला तांब्या घेऊन खांद्यापर्यंत आत वाकावे लागले.